लाकूड बुडेपर्यंत

३ जानेवारी

मुआरा तिंगांगला पोचलो. बांजारमासिन शहरातून लाँचने दीड दिवस लागला. रुस्मिना सगळा वेळ टपावर बसून होती. शिलाई मशीन दोन पायांच्या मध्ये घट्ट धरलेलं, आणि शेजारच्या बाईला ब्लाउजचा गळा कसा बेतायचा ते समजावणं चाललेलं. उतरताना त्या बाईने तिला दोन फणस दिले. एक मी वाहिला, एक खलाशाला दिला.

घर खांबांवरचं, अगदी नदीच्या काठाला. मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. दोन खोल्या, स्वैपाकाची पडवी, न्हाणीत सिमेंटचा लांबट हौद. जमिनीच्या फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं. रुस्मिनाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं, केर काढायलाच नको, फटीतून ढकलला की झालं.

माझं काम सोपं आहे. नदीच्या वळणावर पाण्यात आकडे रंगवलेला खांब आहे. दिवसातून तीनदा पातळी बघायची, नोंदवायची आणि दुपारी वरच्या कचेरीला फोनवर सांगायची. खांबाला अडकलेला पाचोळा, फांद्या काढायच्या. रुस्मिना म्हणते, "नदी काय पळून जातेय, रोज मोजायला?"

आधीचा माणूस जाताना मासे पाळायची तीन फुटी काचेची टाकी सोडून गेलाय. एक कोपरा पिवळा पडलाय, पण गळत नाही. रुस्मिनाने ती पुसून खिडकीशी ठेवलीसुद्धा. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात तिसरं कुणी नाही. निदान मासे तरी असू देत, असं ती हसत म्हणाली. मीही हसलो.

६ जानेवारी

शेजारी मासरान नावाचे म्हातारे राहतात. सगळं गाव त्यांना काई म्हणतं, म्हणजे आजोबा. एकटेच असतात. आज भाजलेला हारुआन मासा घेऊन आले, आणि त्याच्याबरोबर एवढी तिखट चटणी की रुस्मिनाच्या नाकाडोळ्यांतून पाणी. काई म्हणाले, शहरातल्या मुलींची जीभ कापसाची असते.

टाकी बघून ते खूश झाले. तीस वर्षं त्यांचा हाच धंदा होता. नदीत वाहून आलेली लाकडं गोळा करायची, तयार करायची आणि शहरातल्या मासेवाल्यांकडे पाठवायची. म्हणाले, "नुसत्या पाण्यात मासा कोठडीत ठेवल्यासारखा दिसतो. लाकूड घातलंस की त्याचं घर होतं."

मी सगळं विचारून लिहून घेतलं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, आत गेला तर लाकूड कुजलेलं, फेकून द्यायचं. साल पूर्ण सोलायची, राहिली तर ती पाण्यात सडते. तारेच्या ब्रशाने घासायचं, पण साबण कधीच लावायचा नाही, कारण लाकूड तो पितं आणि मग मासे मरतात. पिंपात दोन तास उकळायचं, उलटं करून परत दोन तास. मग भिजत घालायचं आणि रोज पाणी बदलायचं. लाकडातून चहासारखा रंग सुटतो, तो सुटेनासा होईपर्यंत. आणि सुरुवातीला ते तरंगतं, म्हणून वर वजन ठेवायचं. आपोआप तळाला बसलं की तयार झालं समजायचं.

९ जानेवारी

आज आपोआपच सापडलं. सकाळी पातळी बघायला गेलो तर खांबाला एक मूळ अडकलेलं. हातभर लांब, काळपट, त्याला पाच-सहा वळलेल्या फांद्या. दुकानात शोधूनही असं मिळालं नसतं. टोचून बघितलं, टणक. एवढ्या आकाराच्या मानाने फारच हलकं वाटलं, पण म्हटलं वाळलेलं असेल. पाण्यातून काढलेलं लाकूड वाळलेलं कसं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुपारी मागच्या पायऱ्यांवर बसून साल काढली. एका हाताने धरून दुसऱ्याने सोलणं जमेना, म्हणून रुस्मिनाला धरायला सांगितलं. तिच्या डाव्या तळव्यात लाकडाची बारीक कूस घुसली. रक्त जेमतेम थेंबभर. सुईने काढायला गेलो तर कूस दिसेचना. ती म्हणाली, जाऊ दे, मशीनच्या सुया किती वेळा बोटात गेल्यात. हळद दाबून चिंधी बांधली.

११ जानेवारी

दोन दिवस उकळणं चाललंय. पिंप काईंकडून आणलं, खाली लाकडं पेटवली. पहिलं पाणी काळ्या कॉफीसारखं निघालं, दुसरंही तसंच. वास मात्र छान, ओल्या पानांसारखा. रुस्मिनाने कप पुढे करून साखर किती घालू म्हणून विचारलं.

संध्याकाळी लाकूड प्लास्टिकच्या टबात घातलं आणि वर पाट्याचा दगड ठेवला. तरी एक टोक वर येतंच.

१४ जानेवारी

काई पिंप न्यायला आले. टबाकडे बघून त्यांनी विचारलं, कुठलं लाकूड. मी सांगितलं, खांबाला अडकलं होतं. ते दोन पावलं मागे सरकले. मग कोणी हात लावला, असं विचारलं. मी हसून म्हटलं, दोघांनीही, बायको धरत होती आणि मी सोलत होतो. त्यांनी रुस्मिनाच्या हाताची चिंधी पाहिली.

चहा गाळून झाला होता, पण ते बसले नाहीत. पिंपही न घेता गेले. म्हातारपणी माणूस लहरी होतो, रुस्मिना म्हणाली. चहा आम्ही दोघांनी वाटून प्यायला.

१८ जानेवारी

टबातल्या पाण्याचा रंग उतरतोय. कालपर्यंत चहा होता, आज गवती चहा म्हणता येईल. मोठा दगड काढून लहान ठेवला, तेवढा पुरतो. लाकूड चांगलंच जड झालंय.

एक किरकोळ गोष्ट. रुस्मिना आंघोळ करून आली आणि म्हणाली, मोरीतलं पाणी बघ. अंगावरून ओघळून मोरीकडे जाणारं पाणी तांबूस होतं. नदी गढूळ असते तसं नाही, स्वच्छ आणि तांबूस. ती म्हणाली, "बांजारमासिनचा नऊ वर्षांचा धूर निघतोय. चांगलंय, गोरी होईन." मी हौद रिकामा करून घासला. मग स्वतः आंघोळ केली. माझं पाणी पांढरंच.

२१ जानेवारी

अजून तसंच, उलट जास्त. सकाळी उशीच्या अभ्र्यावर तिच्या डोक्याचा तपकिरी ठसा होता. ती घामाघूम झाली तर ब्लाउज काखेत चहा सांडल्यासारखा होतो. दुखत काही नाही, ताप नाही, भूक चांगली आहे. फक्त तहान. आज मी मोजलं, अठरा ग्लास.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आणि हुशार वाटली. रक्त, लघवी, सगळं तपासलं. सगळं व्यवस्थित. कापसाचा बोळा कपाळावर फिरवून तिने तो उजेडात धरला, परत फिरवला. पुस्तक काढून बराच वेळ चाळलं. शेवटी म्हणाली, मी हे पाहिलेलं नाही, मला माहीत नाही. असं सरळ सांगणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला, आणि ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

कूस घुसली होती ती जागा तिला दाखवली. तळव्यावर आता खूणही नाही.

२४ जानेवारी

टबातलं पाणी आज नितळ. रुस्मिनाच्या आंघोळीचं पाणी काळ्या कॉफीसारखं.

दोन्ही एका ओळीत लिहिल्यावर मला ते दिसलं. इतके दिवस दोन वेगळ्या नोंदी करत होतो.

२६ जानेवारी

तिला उचललं. पायऱ्यांवर पाय घसरला म्हणून कमरेत धरून वर घेतलं, आणि मीच मागे पडता पडता राहिलो. एवढा जोर लागलाच नाही. तिनेही ते ओळखलं. धान्याच्या दुकानात वजन केलं. डिसेंबरात त्रेपन्न किलो होती. आज एकतीस. अंग तसंच, दंड भरलेले, गाल तसेच. दुकानदाराने काटा ठोकून बघितला, मग पोतं ठेवून बघितलं. काटा ठीक आहे.

घरी येताना ती म्हणाली, बायका यासाठी किती उपास करतात. मग तिने माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही.

लाकूड तळाला बसलंय, दगडाशिवाय.

२७ जानेवारी

लाकूड नदीत टाकून आलो. होडी मध्यावर नेली. टबातून ते उचलायला दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागला. काठावरून ढकललं तर दगडासारखं सरळ खाली गेलं, बुडबुडाही आला नाही.

आल्या आल्या रुस्मिनाला आंघोळ करायला सांगितलं. मी दाराबाहेर उभा होतो. तिने आतून हाक मारली नाही. खूप वेळाने म्हणाली, "आत येऊ नकोस, तुला वाईट वाटेल."

२८ जानेवारी

काईंकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. माहीत होतं तर त्याच दिवशी का सांगितलं नाही, असं विचारलं. ते जाळं विणत होते, विणतच राहिले.

म्हणाले, "त्या दिवशी तिच्या हाताला चिंधी होती. मग सांगून काय करणार होतो? तुमचे ते आठ-दहा दिवस तरी हसण्यात गेले."

त्यांची धाकटी बहीण होती, जुम्राह. काई तेव्हा तेवीस वर्षांचे. वळणावर अडकलेलं लाकूड त्यांनीच आणलं आणि तिनेच घासलं. पुढचं सगळं असंच. त्यानंतर वळणावर तसं लाकूड परत कधी अडकलं नाही, म्हणून मला आधी सांगायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी ते लाकूड जाळलं, राख नदीला दिली. फरक पडला नाही. त्यांचं म्हणणं, लाकूड फक्त बदली करतं. त्याला बुडायचं असतं, म्हणून ते आपला रंग आणि हलकेपण दुसऱ्याला देतं आणि त्याचं वजन घेतं. दिलंघेतलं की त्याचं काम संपलं, मग त्याला जाळा नाहीतर पुजा.

मी विचारलं, उपाय काय. ते म्हणाले, "पोरा, उपाय असता तर आज माझ्याकडे येऊन तू माझ्या बहिणीच्या हातचा चहा प्याला असतास."

जुम्राहचं शेवटी काय झालं, ते विचारायचं राहिलं. विचारायचं नव्हतं.

३० जानेवारी

रुस्मिनाला सगळं सांगितलं. तिला माझ्याकडून खोटं ऐकायची सवय नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, लाकूड मी धरलं म्हणून तुला काही झालं नाही ना? मी म्हटलं, मीच तुला धरायला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू धरलं असतंस तर आज मी तुला उचलत असते. माझी कंबर आधीच दुखते."

मग मशीनवर बसली आणि माझ्या तीन शर्टांच्या कॉलर उलटून शिवल्या. हाताने मशीनचं चाक फिरवताना ती स्वतःच पाटावरून वर उचलली जात होती. मी मागे उभा राहून तिचे खांदे दाबून धरले.

२ फेब्रुवारी

लाँचने बांजारमासिनला न्यायला निघालो. मोठ्या दवाखान्यात कुणीतरी काहीतरी करेल. टपावर जागा नव्हती, आत इंजिनाजवळ बसलो. तिथे कोरडी गरम हवा. दोन तासांत तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चीर गेली. रक्त नाही. आत तांबूस, रेषा रेषा. ती ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी लुंगी नदीत बुडवून तिला गुंडाळलं. लोक उठून लांब बसले.

पुढच्या धक्क्यावर उतरलो आणि उलट्या लाँचने परत आलो. ओलं ठेवलं की चीर मिटते.

५ फेब्रुवारी

ओली फडकी दर अर्ध्या तासाला. खोबरेल लावून पाहिलं, टिकत नाही. पाठीवर नवीन चीर. केस पिंजारलेत, विंचरले की काथ्यासारखे हातात येतात. वजन करायचं सोडून दिलं.

डॉक्टरीण स्वतः होडीने आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिने रुस्मिनाचे पाय चेपले, काही औषध दिलं नाही. जाताना पायऱ्यांवर बसून रडली. मी तिला पाणी दिलं. आणखी काय करणार.

८ फेब्रुवारी

कचेरीतून फोन. चार दिवस पातळी कळवलेली नाही. मी सांगितलं, बायको आजारी आहे. त्यांनी काय झालंय असं विचारलं. मी फोन ठेवला.

पाणी किती आहे ते खरंच मला माहीत नाही.

१० फेब्रुवारी

फडकी पुरत नाहीत. आज तिला हौदात ठेवलं. लगेच बरं वाटलं तिला, डोळे मिटून घेतले, म्हणाली कातडी आता ओढत नाही. पण ती बुडत नाही. पाण्यावर सपाट राहते, पोट, छाती, चेहरा वर. जे वर राहतं ते वाळतं. सारखं पाणी ओतत बसलो. पाणी तिचा रंग घेत नाही आता. सगळा निघून गेला बहुतेक. ती फिकी दिसते, ताकासारखी.

१२ फेब्रुवारी

काई मदतीला येतात. मी झोपतो तेव्हा ते पाणी ओततात. आज त्यांना विचारलं, जुम्राहचं काय झालं. म्हणाले, मी तिला दाबून धरायला घाबरलो. बुडेल म्हणून. तीन दिवस घाबरलो, आणि तेवढ्यात ती —

त्यांनी बोटांनी काहीतरी मोडल्याची खूण केली.

१३ फेब्रुवारी

गालावर चीर. ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत. बोलताना रुंदावते. तरी म्हणाली, काईंना जेवायला घाल, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही.

मग म्हणाली, मला आत दाब. थोडा वेळ. चेहरा भिजू दे.

मी नाही म्हणालो.

१४ फेब्रुवारी

दाबलं. दहा मोजले. वर आली तेव्हा गालाची चीर मिटलेली. ती हसली. किती दिवसांनी.

परत. तीस मोजले. धाप लागली नाही तिला.

१५ फेब्रुवारी

वर आली की लगेच वाळते. मिनिटभरही नाही. कपाळ, पापण्या. पापणी तडकली. आता पाण्यावर ठेवताच येत नाही. काई म्हणतात, तू धर, मी धरणार नाही, माझे हात —

मी धरतो. एक हात छातीवर, एक मांडीवर. केळीच्या सोपटासारखी सारखी वर येते. क्षणभरही सोडता येत नाही.

१६ — सकाळ

काई गेले, डॉक्टरणीला आणायला. उजवा हात तिच्या छातीवर. डाव्याने लिहितोय. वही काठावर. कुणाला तरी कळायला हवं की मी —

ती खाली आहे. डोळे उघडे. किती वेळ झाला, मोजायचं सोडलं. बुडबुडे नाहीत. मघाशी होते. थोडे. हे चांगलं की वाईट. कोणाला विचारू.

उचललं तर तडकेल. नाही उचललं तर —

रुस्मिना, पापणी तरी हलव.

हलली. पाणी हललं असेल. नाही, हलली.

माझा हात धरलाय तिने. मनगट. दोन्ही हातांनी. घट्ट. तिथेच दाबून ठेवतेय, की काढायला बघतेय, मला नाही समजत, मला —